सक्करदऱ्यातला सायबर सुरक्षा अभ्यासवर्ग : आरंभ आणि वाटचाल

आपल्या संगणकशास्त्र विभागात कोणत्या साली किती यंत्रे आली, प्रयोगशाळा केव्हा वातानुकूलित झाली, हे सारे प्राचार्यांच्या वार्षिक अहवालांत नोंदलेले आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विभागाचा सबंध इतिहास न मागता सायबर सुरक्षा अभ्यासवर्गाचाच इतिहास मागितला. त्याचे समाधान वाटते, कारण हा वर्ग अभ्यासक्रमात नव्हता, त्याला गुण नव्हते, आणि तरीही तास संपल्यावर मुले थांबत राहिली म्हणून तो टिकला.

सक्करदरा म्हटले की नागपूरकराला भोसल्यांचा राजवाडा आणि तलाव आठवतो, रघुजीराजांनी ताजुद्दीन बाबांना याच राजवाड्यात ठेवून घेतले होते ते आठवते, आयुर्वेद महाविद्यालय आणि बुधवार बाजार आठवतो. आमच्या दृष्टीने सक्करदरा म्हणजे उमरेड रस्त्याचे नागपुरातले तोंड. उमरेड, कुही, भिवापूरकडून एसटीने येणारी मुले आणि हनुमाननगर, अयोध्यानगर, नंदनवनातून सायकलने किंवा पायी येणारी मुले एकाच बाकावर बसतात. यातल्या कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. घरात एखादाच चांगला फोन असतो. त्याच फोनवर बापाचे पीककर्ज, आईच्या बचतगटाचा हिशेब आणि धाकट्याचा अभ्यास चालतो. सायबर सुरक्षा हा विषय या मुलांपर्यंत पुस्तकातून येण्याआधी घरच्या फोनमधून आलेला असतो. हे ध्यानात घेतल्यावाचून आमच्या वर्गाची घडण कळायची नाही.

सुरुवात झाली ती फ्लॉपीपासून. त्या काळी सुरक्षा म्हणजे व्हायरस, आणि व्हायरस म्हणजे मित्राकडून आणलेली फ्लॉपी. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली तयार केलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यात त्यांनी स्वतःचे नाव आणि दुकानाचा पत्ताही घातला होता. प्रयोगशाळेच्या दाराशी आमचे सहायक प्रत्येक फ्लॉपी आधी एका जुन्या यंत्रात घालून तपासत आणि मगच मुलाला आत सोडत. आज याला मोठाली नावे आहेत. त्यांना ती ठाऊक नव्हती, पण बाहेरून येणारी वस्तू आधी वेगळ्या जागी तपासायची हे तत्त्व मुले त्यांच्याकडून शिकली.

त्याच सुमारास पुण्यातल्या काटकर बंधूंची गोष्ट वर्गात सांगितली जाऊ लागली. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले आणि पुढे संगणक दुरुस्त करू लागले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हापुन्हा व्हायरसने बिघडलेली असत. ती साफ करण्यासाठी संजय यांनी लहान लहान प्रोग्राम लिहिले, आणि त्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ उभे राहिले. ही गोष्ट मुलांना उद्योजकतेचा धडा म्हणून सांगावी असे काहींना वाटे. मला तिच्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. धाकट्या भावाने आधी तो व्हायरस उघडून पाहिला होता. तो डिस्कच्या कोणत्या भागात जाऊन बसतो, यंत्र सुरू होताना पहिल्यांदा काय वाचले जाते, हे कळल्याशिवाय त्याला काढणे शक्यच नव्हते. विभागाने पुढे जे धोरण स्वीकारले त्याचे बीज इथे आहे: आधी यंत्राचे चालणे, मग त्याचे बिघडणे, आणि त्यानंतर बचाव.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्यानंतर काही वर्षे आमच्याकडे हा विषय मुख्यतः कायद्याच्या अंगाने शिकवला गेला. वकील मंडळी येत, कलमे समजावून सांगत. मुले वहीत उतरवून घेत. त्या तासांचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही, पण परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे म्हणजे नेमके काय, हे संगणकाच्या भाषेत सांगणारा कुणी नसल्यामुळे कलम ४३ आणि कलम ६६ हे परीक्षेतले आकडे होऊन राहिले. जानेवारी २००४ मध्ये सायबर घटना हाताळणारी देशाची ‘सर्ट-इन’ ही यंत्रणा कामाला लागली. १९८८च्या नोव्हेंबरात अमेरिकेत स्वतःहून पसरणाऱ्या ‘मॉरिस वर्म’ या प्रोग्रामने हजारो यंत्रे ठप्प केली आणि त्यानंतर तिथे अशी पहिली यंत्रणा स्थापन झाली. ही साखळी जोडून दाखवल्यावर मुलांचे डोळे थोडे उघडत.

मग ‘एथिकल हॅकिंग’च्या दोन दिवसांच्या कार्यशाळांची लाट आली. फी भरायची, आयते साधन चालवायचे, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र. या प्रकाराबद्दल माझे मत पहिल्यापासून कडक आहे. बटण कोणते दाबायचे एवढेच शिकलेल्या मुलाला आपण काय केले हे सांगता येत नाही. बाहेरच्या एका कार्यशाळेतून आलेल्या मुलाने तिथे शिकलेले साधन एका अनोळखी संकेतस्थळावर चालवून पाहिले होते. हेतू वाईट नव्हता, केवळ उत्सुकता. नुकसान काही झाले नाही. तरी त्या प्रसंगानंतर वर्गाचा पहिला नियम लिहून भिंतीवर लावला गेला: ज्याची यंत्रणा, त्याची लेखी परवानगी, ती नसेल तर हात लावायचा नाही. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, हे त्या कागदावर आजही मराठीत लिहिलेले आहे.

नियमाबरोबर सोय करून देणेही आमच्याकडे लागले. मुलांना तोडफोड करून पाहायला हक्काची जागा हवी. कार्यालयाने बाद केलेली यंत्रे मागून घेतली, ती आपसात जोडली, आणि बाहेरच्या इंटरनेटशी त्यांचा संबंध मुद्दाम तोडून टाकला. त्यांवर आभासी यंत्रे आणि सरावासाठीच सदोष बनवलेली संकेतस्थळे बसवली. पहिला प्रयोग अजूनही तोच असतो. एक मुलगी साध्या ‘एचटीटीपी’ पानावर खोटे नाव आणि खोटा पासवर्ड भरते. दुसऱ्या यंत्रावर जाळ्यातली वाहतूक टिपणारे ‘वायरशार्क’ चालू असते, आणि तो पासवर्ड अक्षर न् अक्षर पडद्यावर दिसतो. मग तेच पान ‘एचटीटीपीएस’वर नेतात आणि पासवर्डाच्या जागी नुसती गिचमिड उरते. व्याख्यानाने जे तीन आठवड्यांत होत नाही ते या दहा मिनिटांत होते. त्यानंतर मुले आपणच विचारतात, की ही गिचमिड उलगडायची किल्ली दोघांकडे पोचली कशी? कूटशास्त्राचा तास या प्रश्नावर सुरू करावा, त्याआधी नाही.

कूटशास्त्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या वर्गाची खरी मिळकत मी याच तासांना समजतो. इंग्रजी पुस्तके सीझरपासून आरंभ करतात. आम्ही रिद्धपूरपासून करतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्या वापरल्या. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशा त्यांच्या कितीतरी लिप्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानला जाणारा या पंथाचा ‘लीळाचरित्र’ आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध झाला, आणि शतकानुशतके महाराष्ट्राला तो वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा जगापुढे ठेवला. पुढे ‘लीळाचरित्रा’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे गुप्तलेखन आणि त्याचा उलगडा या दोन्हींचा वारसा आमच्या मुलांच्या घरापासून एसटीच्या काही तासांवर आहे.

या तासाला मराठी विभागाच्या मॅडम आणि आम्ही एकत्र उभे राहतो. त्या पंथाचा इतिहास आणि पोथ्यांची परंपरा सांगतात. मग मुलांना कामाला लावतो. वर्तमानपत्राचे एक पान घ्यायचे आणि प्रत्येक अक्षर किती वेळा येते ते मोजायचे. काही अक्षरे सारखी येतात, काही क्वचित भेटतात. आता एका अक्षराच्या जागी सर्वत्र दुसरे एकच अक्षर ठेवले तर शब्दांचे रूप बदलते, मोजणीचा नमुना मात्र तसाच राहतो, आणि त्याच नमुन्याच्या आधाराने कुलूप उघडते. इतकी सोपी अदलाबदल असूनही पंथाचे गुपित शतके टिकले, कारण रीत जाणणारी माणसे थोडी होती आणि ती निष्ठावान होती. यावर कूटशास्त्रज्ञ केर्कहॉफ्सने १८८३ साली मांडलेले तत्त्व सांगितले, की रीत शत्रूला माहीत आहे असे धरून चालावे आणि गुप्त राखायची ती किल्ली तेवढी, तर ते मुलांच्या मनात खोल जाते. कूटलेखनाची आजची ‘एईएस’ पद्धत जगजाहीर आहे, तिचा प्रत्येक टप्पा छापलेला आहे, आणि तरी तिच्यावर बँका विसंबतात. पारशिवनीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले होते, ‘सर, मंग पोथी लपवून ठेवाची गरजच नाही, असंच ना?’ हो, असेच.

२०१७ आणि २०१८ या दोन वर्षांनी वर्गाची हजेरी पालटली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतली यंत्रे कुलूपबंद केली. ज्या दोषातून तो शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला आणि न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम अडकले. त्या दिवसांत हिशेब ठेवणारी यंत्रणा बंद पडली म्हणजे कंटेनरही हलत नाहीत, हे वाणिज्य शाखेच्या मुलांनाही उमगले आणि ती वर्गाला येऊ लागली.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. त्या एका प्रकरणावर आम्ही अख्खे सत्र खर्ची घालतो. शनिवारी, ११ ऑगस्टला, काही तासांच्या आत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. काही रक्कम भारतात, कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाली. १३ तारखेला बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ जाळ्याच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. मुलांना आम्ही चोराचा शोध घ्यायला सांगत नाही. फळ्यावर एका कार्डाचा प्रवास काढायला लावतो: कार्ड एटीएममध्ये गेले, तिथून विनंती कोणत्या जाळ्यातून निघाली, बँकेच्या ‘स्विच’पाशी कशी आली, स्विचने मुख्य प्रणालीला खात्यातली शिल्लक विचारली का, आणि ‘द्या’ हे उत्तर कुणी दिले. हल्लेखोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला होता आणि मंजुरी तोच देत होता. मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. ही आकृती पुरी झाली की वर्गात शांतता पसरते, आणि मग कुणीतरी विचारते की इतक्या देशांतून एकाच दिवशी येणाऱ्या विनंत्या बघणारे कुणी नव्हते का. ‘बघणारा’ हा या क्षेत्रातला एक पूर्ण पेशा आहे, हे त्यांना तिथे समजते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. ते मुख्यतः पैसे काढणाऱ्या साखळीतले होते, हेही आम्ही सांगतो. पैसे काढून देणारा, खाते भाड्याने देणारा हाच आधी सापडतो. ‘तुझं खातं दे, महिन्याला एवढे देतो’ हे आमिष आमच्याच मुलांपर्यंत पोचते, म्हणून हे सांगायलाच हवे.

करोनानंतर पैशाचे व्यवहार फोनवर आले आणि फसवणूकही फोनवर आली. २०२२च्या ऑक्टोबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. दर महिन्याचा पहिला बुधवार सायबर जागरूकता दिवस म्हणून पाळावा, अशी सूचनाही महाविद्यालयांना झाली. बहुतेक ठिकाणी अशा दिवशी सभागृहात शपथ होते. आमच्या भागात बुधवारी बाजार भरतो. दोन्ही बुधवार जुळून आले आणि मुलांनी सभागृहाऐवजी बाजारात टेबल मांडले.

बाजाराने मुलांना जे शिकवले ते कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. पहिल्या वेळी त्यांनी पत्रके वाटली, त्यांवर ‘फिशिंग’, ‘विशिंग’, ‘मालवेअर’ असे शब्द होते. कांदे-बटाटे विकणाऱ्या बाईने ते पत्रक मापाखाली दाबून ठेवले. पुढच्या वेळी मुलांनी पत्रक सोडले आणि ती विचारायला लागली, ‘काकू, पैसे घ्याले कधी पिन टाकावा लागते का?’ पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच लागतो. एवढ्या एका वाक्याने दुकानापुढे घोळका जमे. मग लोक आपापले सांगू लागत. वीजबिल थकल्याचा निरोप, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ असा दम देणारा गणवेशातला चेहरा. अयोध्यानगरातल्या एका निवृत्त गुरुजींना अशा बनावट ‘डिजिटल अटके’त दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले होते. ते बाजारात पिशवी घेऊन उभे राहून हे सांगत होते, आणि ऐकणाऱ्या मुलीने सारे सोडून आधी त्यांना बसायला खुर्ची दिली. डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे तिने त्यांना दोनदा सावकाश सांगितले. भारतीयांनी २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटींहून अधिक रुपये गमावल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. त्या आकड्यामागे अशीच माणसे आहेत. पैसे गेल्यावर लाजेने घरात बसू नये, ताबडतोब १९३० वर फोन लावावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येते, म्हणून पहिला तास फार मोलाचा. हा निरोप आमची मुले आता तोंडपाठ सांगतात.

वर्गातले पहिले संशोधनही याच टेबलावरून निघाले. लोक दाखवत ते फसवे निरोप धड इंग्रजीत नसत, धड मराठीत नसत. रोमन लिपीत लिहिलेली नागपुरी हिंदी, मधे एखादा मराठी शब्द, मधे बँकेचे नाव. इंग्रजी निरोपांवर शिकवलेल्या गाळण्या त्यांना किती ओळखतील, असा प्रश्न एका गटाने घेतला. निरोप गोळा करताना परवानगी घेणे, नावे आणि क्रमांक पुसणे, हे कामाचे पहिले पाऊल ठरले. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची त्यांना ओळख झाली ती अशी, स्वतःच्या हाताने. संशोधन म्हणजे दूरच्या आयआयटीत होणारी गोष्ट अशी आमच्याकडे समजूत असते. त्यावर मी त्यांना २००२चे उदाहरण देतो. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वेगाने ठरवण्याची रीत कानपूरच्या मणींद्र अग्रवाल यांनी शोधली, तेव्हा त्यांच्या जोडीला नीरज कयाल आणि नितीन सक्सेना हे नुकतेच पदवी घेतलेले दोन विद्यार्थी होते. प्रश्न नेमका हवा, वय कमी असले तरी चालते.

नोकरीबद्दल पालक जे विचारतात त्याचेही उत्तर या इतिहासात यायला हवे. ‘हॅकिंग शिकवता का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि ‘पगार किती?’ हा दुसरा. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या निर्देशानुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. म्हणजे मध्यरात्री दोन वाजताही कुणीतरी पडद्यासमोर बसलेले हवे. अशा देखरेख केंद्रांत आमची बरीच मुले लागतात. तिथे रात्रपाळी असते, म्हणून मुलींच्या घरी आधी बोलावे लागते, आणि विभागातल्या प्राध्यापिका ते बोलणे स्वतः करतात. काही मुले लेखापरीक्षण आणि तपासणीकडे वळतात. न्यायसहायक शाखेची ओढ असणाऱ्यांना आपल्याच शहरातली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था जवळ आहे. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुरवण्यासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मार्वल’ ही कंपनी नागपुरातच स्थापन केली. वीज आणि पाणीपुरवठ्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या अभियंत्यांनाही हा विषय यापुढे टाळता येणार नाही, आणि विदर्भात विजेच्या कामाला तोटा नाही. महागड्या प्रमाणपत्रांपाठी पहिल्याच वर्षी धावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि एखादी प्रोग्रामिंग भाषा पक्की करावी. एनपीटीईएलचे वर्ग फुकट आहेत. जाहीर झालेल्या दोषांच्या सीव्हीई नोंदींपैकी रोज एक वाचावी आणि काय झाले ते मराठीत आपल्या वहीत लिहावे. मराठीत जमले की मग इंग्रजीत अहवाल लिहावा, कारण पुढे पोट त्या अहवालावर भरते. या वह्या तपासण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या, आणि मुले किती वाढली हे मला त्या वह्यांतूनच कळले.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा कूटपद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. त्यांतल्या दोन मानकांचा पाया जाळीगणित आणि सारण्या यांवर आहे, आणि ते आमच्या संगणकाच्या मुलांना एकट्याने झेपणारे नाही. गणित विभागाने त्यासाठी शनिवारचा एक तास देऊ केला आहे. बी.एस्सी.च्या कोणत्याही वर्षाच्या आणि वाणिज्य शाखेच्याही विद्यार्थ्यांना बसता येईल. नावनोंदणीची वही ग्रंथालयात ठेवली आहे. बुधवारच्या टेबलावर उभे राहायची तयारी असणाऱ्यांनी नावापुढे तसे लिहावे.